लेझीम परदेशात नेताय? आधी पावलं शिकवा

आपल्या सातारा-सांगलीकडनं कोणी जपानला शाळेत शिकवायला जात असेल तर लेझीम नक्की न्या, फक्त चेक-इन बॅगेत टाका, ती लोखंडी साखळी बघून केबिनला अडवू शकतात. वर्गात मात्र लगेच पोरांच्या हातात देऊ नका, सगळी नुसती खुळखुळ वाजवत बसतात आणि पायाकडं कुणाचं लक्षच राहत नाही. आधी रिकाम्या हातानं टाळ्या वाजवत एक-दोन-तीन-चार म्हणत पावलं बसवा, मोबाईलवर हलगी लावा, मग लेझीम द्या.

आणि खरं सांगू का, माण-आटपाडीकडचं गजी नृत्य तर अजून सोपं पडतं, मधे ढोल, भोवती गोल आणि हातात रुमाल, बास. तिकडं जपानात उन्हाळ्यात ओबोनच्या, म्हणजे पूर्वजांच्या सणाच्या वेळी बोन ओदोरी हा लोकनाच असतो, त्यात पण यागुरा म्हणजे लाकडी मचाणाभोवती गोल करूनच नाचतात, वर तायको ढोल वाजतो, त्यामुळं पोरांना हे परकं वाटत नाही. अर्धा तास आपला, अर्धा तास त्यांचा असं ठेवा, तुम्ही स्वतः गोलात शिरून त्यांच्याकडनं शिका. आणि गजी हा धनगरांचा नाच आहे, बिरोबाच्या जत्रेत नाचतात, हे आवर्जून सांगा, नुसता व्यायाम म्हणून उरकू नका.