आई आणि मूल : प्रतिकृतीतून तैलव्यक्तिचित्रणाचा अभ्यास

तैलरंगात व्यक्तिचित्रण शिकू लागणाऱ्याला बहुधा एकट्या व्यक्तीचा चेहरा रंगवायला सांगतात. त्वचेचा रंग मला मात्र खऱ्या अर्थाने समजला तो आई आणि मुलाच्या चित्राची प्रतिकृती करताना, कारण तिथे दोन वयांच्या त्वचा एकमेकींना लागून असतात आणि एकीची छटा चुकली की दुसरी ती चूक लगेच उघडी पाडते.

अभ्यासासाठी मी इटालियन चित्रकार राफाएलचे ‘मदोन्ना देल्ला सेज्जोला’ (खुर्चीतली मदोन्ना) हे मरिया आणि बाळ येशूचे चित्र घेतले. साधारण १५१३-१४ मध्ये लाकडी फळीवर रंगवलेले, सुमारे ७१ सेंटीमीटर व्यासाचे हे गोल चित्र फ्लॉरेन्सच्या पित्ती राजवाड्यात आहे. बाजूचा बाल योहान आणि हिरवी शाल सोडून मी फक्त दोन चेहऱ्यांचा भाग ४० बाय ५० सेंटीमीटरच्या कॅनव्हासवर उतरवला. नवशिक्यानेही एवढेच घ्यावे, नाहीतर वस्त्रांच्या चुण्यांतच सगळा उत्साह खर्ची पडतो.

चौकटी आखून रेखाटन केले, तरी माझे बाळ पोक्त दिसत होते. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या जवळजवळ मध्यावर असतात. लहान मुलाचे त्याहून खाली असतात आणि कपाळ त्या मानाने मोठे दिसते. डोळे जरासे खाली घेताच चेहऱ्यावर बालपण आले. रेखाटनातली अशी चूक रंगाने कधीच झाकली जात नाही, म्हणून ती तिथेच सुधारावी.

त्यानंतर बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून छायाप्रकाश मांडला आणि उजेडाच्या जागा चिंधीने पुसून काढल्या. अंबरमध्ये मँगनीज असल्यामुळे तो लवकर वाळतो आणि खालच्या थराला सोयीचा पडतो. वरच्या प्रत्येक थरात तेलाचे प्रमाण थोडे वाढवत न्यावे; तेलकट थरावर कमी तेलाचा थर दिला, तर वरचा आधी वाळतो आणि पुढे त्याला तडे जातात.

त्वचेसाठी पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), कॅडमियम रेड आणि आयव्हरी ब्लॅक हे चार रंग पुरले. काळ्यात पांढरा मिसळून केलेला करडा रंग उबदार छटांशेजारी निळसर भासतो, त्यामुळे गालाच्या वळणावरच्या थंड छटेसाठी वेगळा निळा लागत नाही.

सर्वांत जास्त दिवस लागले ते आईचा चेहरा आणि बाळाचे डोके जिथे टेकतात त्या बोटभर जागेला. तिथे मी आधी गडद रेघ ओढली आणि दोन्ही डोकी कापून चिकटवल्यासारखी दिसू लागली. पॅलेट नाइफने, म्हणजे रंग मिसळायच्या बोथट सुरीने, तो भाग तीनदा खरवडला. मग डोळे बारीक करून पाहिले तेव्हा कळले, की तिथे काळोख फारसा नाही. एका त्वचेवरचा उजेड दुसरीवर परावर्तित होत असल्याने तिथली सावली तांबूस आणि उबदार आहे. ऑकर आणि लाल यांची अरुंद सावली भरली, दोन्हीकडचा रंग ओला असतानाच कोरडा, मऊ ब्रश त्या सांध्यावरून एकदाच हलका फिरवला आणि हात आवरला. आईच्या गालावर बाळाच्या डोक्याचा भार प्रथमच जाणवला. तो क्षण मी आजही विसरलेलो नाही.

रोज काम थांबवण्यापूर्वी चित्र आरशात पाहावे; सरावलेल्या नजरेतून सुटलेला तिरकेपणा लगेच दिसतो. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा ढीग मात्र कधीही ठेवू नये, कारण तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पाण्यात भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवाव्यात. चित्र हाताला कोरडे लागले, तरी शेवटचे व्हार्निश देण्यासाठी सहा महिने ते वर्षभर थांबावे आणि कॅनव्हासच्या मागे ‘राफाएलच्या चित्रावरून’ असे स्पष्ट लिहून खाली स्वतःचे नाव व तारीख घालावी.