गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई, रात्रीच्या फोनला वेसण अशी घाला

आधी तातडीचं काय ते ठरवा: कळा, रक्तस्राव, बाळाला झटके, सर्पदंश. यासाठी फोन कधीही चालेल. पण आधी रुग्णवाहिकेचा 108, गरोदर बाईसाठी 102 लावायचा, मग तुम्हाला, हे घरच्यांना घरभेटीतच बजावून ठेवा. कार्ड, गोळ्या, योजनेचा हप्ता? सकाळी नऊनंतर.

नकार छोटा असावा: “काकू, हे उद्या बघते, दहाला येते.” कारणं देत बसू नका, कारण दिलं की समोरचा त्यावर तोड काढतोच. दहाला म्हटलं तर दहाला जा, नाहीतर पुढच्या वेळी रात्रीच फोन येईल.

बहुतेकदा नियम मोडतो तो नात्यापायी. चुलत जावेला एकदा सूट दिली की गावभर होतं.