‘ऊन आहे, वाळेल’ म्हणू नका: इंदूरच्या सुट्टीतल्या नेहमीच्या चुका

मे महिन्यात इंदूरच्या मराठी घरांत तीन गोष्टी एकदम अंगावर येतात: पुण्या-मुंबईचे पाहुणे, गच्चीची दुरुस्ती आणि मांडवगड-महेश्वरचे बेत. जूनच्या मध्याला पाऊस, पाठोपाठ शाळा, म्हणून सगळं त्याआधी उरकायचं असतं. या घाईत एक वाक्य हमखास कानावर पडतं, मिस्त्रीच्या तोंडून आणि घरच्यांच्याही: "ऊन आहे, वाळेल." बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात.

गच्ची: वाळणं वेगळं, घट्ट होणं वेगळं

सिमेंट वाळून घट्ट होत नसतं, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन होतं. चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात नवा थर उघडा टाकला की पाणी उडून जातं, वरचा भाग हाताने खरवडला तरी भुकटी निघते आणि केसासारख्या बारीक भेगा पडतात. पावसाचं पाणी पुढे याच भेगांतून आत शिरतं. म्हणून काम सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर करायचं आणि त्यावर गोणपाट अंथरून निदान ७ दिवस ओलं ठेवायचं.

आता हे ओलं ठेवायला पाणी कुठून आणायचं? आपल्याकडे कितीतरी वस्त्यांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. नदीकाठच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर चढवून आणलेलं पाणी ते. घरात दहा माणसं अंघोळीला रांगेत उभी असली की गच्चीवरच्या गोणपाटाकडे कोण बघतो? दोन दिवस पाणी मारलं जातं, तिसऱ्या दिवशी "झालं की आता." त्यामुळे गच्चीचं काम पाहुण्यांच्या आधी, एप्रिलमध्येच उरका. ते जमलं नाही तर टँकरचे पैसे अंदाजपत्रकात आधीच धरा आणि मिस्त्रीला तसं सांगून ठेवा.

काम काढण्याआधी एक तपासणी मात्र कराच. मे महिन्यात, पावसाचा थेंब नसताना भिंत ओली लागत असेल तर गच्चीला दोष देऊ नका. तो नळाचा, ड्रेनेजचा किंवा टाकीचा प्रताप असतो. रात्री सगळे नळ बंद करून टाकीत पाण्याच्या पातळीला खूण करा आणि सकाळी बघा. पातळी उतरली तर प्लंबरला बोलवा, वॉटरप्रूफिंगवाल्याला नको. पातळी जागची हलली नाही तरी प्लंबरची सुट्टी होत नाही, कारण सांडपाण्याची गळती या खुणेत कळत नाही. बाथरूममागची भिंत असेल तर ते बघणं वेगळं.

गच्चीचाच संशय असेल तर सगळ्या गच्चीत पाणी तुंबवायची गरज नाही. संशयित कोपऱ्याभोवती मातीचा बांध घालून दोन इंच पाणी २४ तास ठेवा, आणि खाली छतावरच्या जुन्या डागाभोवती पेन्सिलीने रेघ मारा. डाग रेघ ओलांडून गेला की जागा सापडली. पाणी बहुधा सपाट स्लॅबमधून उतरत नाही. कठड्याची भिंत स्लॅबला मिळते तिथे, किंवा पाइप बाहेर पडतो त्याच्या भोवती ते वाट काढतं. तिथला सिमेंटचा गोला, म्हणजे सांध्यावर दिलेली गोलाई, फुटलेला असेल तर आधी तो करून घ्या. नाहीतर वॉटरप्रूफिंगचा महागडा कोट मारूनही ओल तशीच राहील.

कोटाचंही सांगायचं तर, तापलेल्या गच्चीवर भर दुपारी मारलेल्या कोटाला वरून लगेच साय धरते, खाली ओल अडकते आणि फुगे येतात. पहिला हात उभा, दुसरा आडवा, आणि मधलं अंतर डब्यावर लिहिलं असेल तेवढं. वर खरा धोका निराळाच असतो, तो म्हणजे पाहुण्यांची रात्रीची झोप. माळव्यातल्या रात्री गार, म्हणून मामा-मावश्यांच्या खाटा गच्चीवर जातात आणि लोखंडी खाटेचे पाय नव्या कोटाला भोकं पाडतात. गाद्या खाली घाला, किंवा पायांखाली फळ्या द्या. आणि त्या कोटावर कुरडया वाळत घालायच्या असतील तर कृपा करून नको. पांढरंशुभ्र दिसतं म्हणून ते ताट होत नाही.

आतला रंग: मे महिन्याचं कामच नव्हे

इथे माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. पाहुणे येणार म्हणून ओलीच्या डागावर पुट्टी ओढून रंग मारतात. भिंत मे-जूनमध्ये फोटोत छान दिसते आणि श्रावणात पोपडे धरते. पुट्टी हा ओलीवरचा इलाज नाही, नुसता पडदा आहे. गच्ची दुरुस्त झाली की तिला एक पावसाळा काढू द्या, भिंत आतून सुकू द्या आणि रंगाला दसऱ्याचा मुहूर्त ठेवा. घरात साखरपुडा वगैरे असेल आणि रंग टाळताच येत नसेल तर कोरड्या खोल्या रंगवा, डागाची खोली तशीच राहू द्या. नवा गिलावा तर रंगाआधी महिनाभर उघडा राहायलाच हवा.

मलबा रस्त्याच्या कडेला लोटू नका. २०१७ पासून देशात सर्वांत स्वच्छ म्हणून मिरवणारं शहर आहे हे, दंडाची पावती घरपोच येते. पोत्यांत भरून महापालिकेची गाडी बोलवा.

कूलर ‘बिघडतो’ तेव्हा

खोली भरली की सगळे दारं-खिडक्या लावून घेतात, तासाभरात अंग चिकचिकायला लागतं आणि कूलरच्या नावाने ओरड सुरू होते. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो, ती बाहेर पडायला समोरची खिडकी उघडी लागते. एसीची सवय झालेले पाहुणे ती बंद करतात, तुम्ही उघडत राहा. जूनमध्ये ढग दाटले की हवाच दमट होते. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवा, मेकॅनिकला बोलावून काही होणार नाही. पाणी भरताना मात्र प्लग काढलाच पाहिजे, आणि मुलांना त्याच्या लोखंडी अंगापासून लांब ठेवा.

सहलीचा क्रम उलटा करा

मांडवगड इंदूरहून शंभरेक किलोमीटर. लोक नाश्ता करून नऊला निघतात, जहाज महाल बघत-बघत रेंगाळतात आणि रूपमतीच्या मंडपाशी भर दुपारी पोहोचतात. तिथे वर सावली थोडी, चढ उभा आणि खाली पसरलेलं निमाड, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्याचा सखल मुलूख, धुळकट दिसतं. पोह्यांचा डबा बांधून पहाटे निघा, आधी थेट शेवटच्या टोकाला मंडपावर जा, आणि ऊन चढल्यावर गावात जामी मशीद, होशंगशाहाची कबर अशा जाड भिंतींच्या सावलीत या. जहाज महाल पाण्यात तरंगल्यासारखा दिसायला दोन्ही बाजूंचे तलाव भरलेले हवेत, ते फोटो पावसाळ्यातले असतात. पुण्याच्या पाहुण्यांना ही कल्पना आधी द्या. धबधब्याच्या नावाखाली पातालपाणी दाखवायला नेणं हाही त्यातलाच प्रकार. मे महिन्यात तिथे कोरडा कडा असतो.

महेश्वर डोंगर उतरून खाली, निमाडात. इंदूर साडेपाचशे मीटरवर असल्याने आपल्याला जे ऊन सोसवतं त्याच्यापेक्षा तिथलं कडक. अहिल्याबाईंच्या वाड्यात आणि नर्मदेच्या घाटावर सकाळीच जा. अकरानंतर दगडी पायऱ्यांवर अनवाणी पाय ठरत नाहीत. दुसरी गोष्ट थट्टेची नाही. वरच्या अंगाला धरणं आहेत आणि सोडलेलं पाणी पाऊस नसतानाही चढतं. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यात धाराजीला नर्मदेत अंघोळीला उतरलेली कितीतरी माणसं अशाच पाण्यात वाहून गेली. भोंगा वाजला की फोटो अर्धवट राहू द्या, मुलांना हाताला धरून वर आणा.

सराफ्याला जेवून नेऊ नका, एवढंच. सोन्या-चांदीची दुकानं बंद झाल्यावर खाण्याची लागतात, आणि दहीवडा बघून "पोट भरलंय" म्हणणाऱ्या पाहुण्याची दया येते.

माळ्यावरून निघालेले अल्बम

दुरुस्तीसाठी माळा रिकामा झाला की जुने अल्बम खाली येतात. गाद्या, लोणच्याच्या बरण्या आणि पापडांबरोबर त्यांनाही ऊन दाखवलं जातं. हे फार वाईट. उन्हाने छायाचित्रांचे रंग उडतात आणि कागद वळतो. पंख्याखाली, सावलीत उघडे ठेवा. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका. खालून दात साफ करायचा बारीक दोरा सावकाश सरकवा, आणि निघालाच नाही तर पानासकट फोटो घ्या. मोबाइलने घेताना फ्लॅश बंद, खिडकीजवळ पण थेट उन्हात नाही, आणि फोन फोटोला समांतर. छोट्या प्रिंटा स्कॅन करायच्या असतील तर ६०० डीपीआय ठेवा.

त्याहून मोठं काम माणसांचं आहे. "ही कोण?" हे सांगणाऱ्या आत्या-आजी याच सुट्टीत एकत्र असतात. दुपारी पन्हं समोर ठेवून त्यांना बसवा, एकाने अल्बम उलटायचा, दुसऱ्याने मागे मऊ पेन्सिलीने नाव-गाव लिहायचं. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. साल नक्की आठवत नसेल तर "बन्याच्या मुंजीच्या आधी" असं लिहिलं तरी चालतं, घरातल्यांना तेवढं पुरतं. आणि सगळ्यांना पाठवताना व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे फोटो म्हणून पाठवू नका, ते आकसून जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पुढच्या वर्षी मोठी प्रिंट काढायला गेलात की आजोबांचा चेहरा चौकोनी ठिपक्यांचा येईल.