फाँट वापरण्याआधी परवाना असा तपासा

लोगो किंवा मुखपृष्ठाचं काम आलं की मी आधी फाँटचा परवाना बघते. डाउनलोडच्या बटणाशेजारी ‘फ्री’ लिहिलंय एवढ्यावर विसंबू नका. बरेचदा ते फक्त खासगी वापरापुरतं असतं.

डाउनलोड झालेली झिप उघडून ‘ओएफएल’ (ओपन फाँट लायसन्स, म्हणजे फाँटचा खुला परवाना) किंवा ‘लायसन्स’ नावाची फाइल शोधा. नसेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, मग फाँट्स, आणि तिथे त्या फाँटवर क्लिक करा. कॉपीराइट, परवाना, बनवणाऱ्याचं नाव खाली दिसतं. मॅकवर हेच ‘फाँट बुक’ या ॲपमध्ये. रकाने कोरे असतील तर थेट बनवणाऱ्याची मूळ साइट गाठा. फुकट फाँटांच्या संग्रहांवर माझा भरवसा नाही. तिथे कुणीही काहीही चढवतं.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘मोदक’ ओएफएल परवान्याखाली आहेत. छपाई, लोगो, वेबसाइट, पैसे घेऊन केलेलं काम, सगळ्याला चालतात. नुसता फाँट तेवढा विकता येत नाही. विंडोजसोबत येणाऱ्या ‘मंगल’चं वेगळं: त्यात मजकूर खुशाल छापा, पण फाँटची फाइल प्रेसवाल्याला पाठवू नका. पीडीएफ द्या.

परवान्याची प्रत कामाच्या फोल्डरमध्येच ठेवा, डाउनलोडच्या तारखेसह.