भाड्याने देण्यासाठी दुसरा फ्लॅट घेताना: आधी नाव ठरवा, मग टोकन द्या

राहते घर असताना भाड्याच्या उत्पन्नासाठी आणखी एक फ्लॅट घेणारी पुण्यातील कुटुंबे परिसर, कार्पेट एरिया आणि कर्जाचा हप्ता यांवर महिनोन्‌महिने चर्चा करतात. मात्र फ्लॅट कोणाच्या नावावर घ्यायचा, हा प्रश्न बहुधा करारनाम्याचा मसुदा हातात आल्यावरच निघतो. पुढील अनेक वर्षांचा प्राप्तिकर, विक्रीच्या वेळचा कर आणि वारसाहक्क हे सारे त्या एका ओळीवर अवलंबून असल्यामुळे हा निर्णय टोकन देण्यापूर्वी घेतला पाहिजे, असे मी आग्रहाने सांगतो.

पत्नीचे उत्पन्न कमी आहे, म्हणून तिच्या नावावर फ्लॅट घेतला की भाड्यावर कर लागणार नाही, हा समज सर्वत्र आढळतो. पत्नीच्या नावावर फ्लॅट घेण्यात बेकायदेशीर काही नाही. परंतु पैसा पतीने दिला असेल, तर भाड्याचे उत्पन्न पतीच्याच उत्पन्नात धरले जाते. पत्नीने पतीसाठी पैसे दिले तरी नियम तोच आहे, आणि सुनेला दिलेल्या रकमेलाही तो लागू होतो. सज्ञान मुलाला किंवा आईवडिलांना दिलेल्या बक्षिसाला मात्र तो लागू होत नाही. पत्नीने स्वतःच्या पगारातून, माहेरच्या मिळकतीतून किंवा स्वतःच्या ठेवी मोडून पैसे भरले असतील, तर उत्पन्न निर्विवादपणे तिचे ठरते. त्यासाठी टोकनपासून शेवटच्या हप्त्यापर्यंतचा प्रत्येक धनादेश तिच्या स्वतंत्र खात्यातून गेलेला असावा आणि त्या खात्याचे उतारे जपून ठेवलेले असावेत.

फरक किती पडतो, हे एका उदाहरणावरून पाहू. खराडीतील ८० लाखांच्या फ्लॅटचे दरमहा २५,००० रुपये भाडे येते असे धरा. वर्षाच्या ३,००,००० रुपयांतून प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर, समजा २४,००० रुपये, वजा केला की २,७६,००० उरतात. त्यावर ३० टक्के सरसकट वजावट, म्हणजे ८२,८०० रुपये, मिळून करपात्र रक्कम १,९३,२०० होते. सोसायटीची देखभाल, रंगकाम आणि दलाली या ३० टक्क्यांतच आल्या. त्या वेगळ्या वजा करता येत नाहीत. मालक ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर उपकरासह सुमारे ६०,००० रुपये कर भरावा लागतो. तोच फ्लॅट पत्नीच्या स्वतःच्या पैशातून घेतलेला असेल आणि तिचे अन्य उत्पन्न ५ लाख असेल, तर नवीन करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर मिळणाऱ्या सवलतीमुळे तिला काहीही कर लागत नाही.

कर्ज घेतले की गणित बदलते. वरील फ्लॅटवर ५० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी घेतले, तर पहिल्या वर्षाचे व्याज सव्वाचार लाखांच्या आसपास जाते. जुन्या प्रणालीत भाड्याच्या घराचे पूर्ण व्याज वजा होते, त्यातून होणाऱ्या तोट्यापैकी २ लाखांपर्यंतची रक्कम त्याच वर्षी पगारातून वजा करता येते आणि उरलेला तोटा ८ वर्षे पुढे ओढून घरभाड्याच्या उत्पन्नातूनच वजा करता येतो. नवीन प्रणालीत मात्र व्याज भाड्याचे उत्पन्न शून्यावर आणते आणि तिथेच थांबते. उरलेल्या तोट्याचा पगाराच्या करात काहीही उपयोग होत नाही. कर वाचतो म्हणून कर्ज काढा, हा सल्ला आता बहुतेक पगारदारांना लागू पडत नाही, असे माझे मत आहे.

दोघांच्या नावावर घ्यायचे असेल, तर करारनाम्यात प्रत्येकाचा हिस्सा टक्केवारीत लिहून घ्यावा आणि तो प्रत्येकाने भरलेल्या पैशाशी जुळणारा असावा. हिस्से निश्चित असतील, तर प्रत्येकाच्या भाड्यावर स्वतंत्र कर आकारला जातो. व्याजाची वजावट घेण्यासाठी ती व्यक्ती सहमालक आणि सहकर्जदार अशी दोन्ही असावी लागते. नुसते कर्जात नाव असून चालत नाही.

मुद्रांक शुल्काचा विचार इथेच करावा. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत स्थानिक संस्था आणि मेट्रोचे अधिभार धरून ७ टक्के शुल्क पडते. खरेदीदार फक्त महिला असतील, तर निवासी घरासाठी ६ टक्के. पतीचे नाव जोडले की ही सवलत जाते. ८० लाखांवर हा फरक ८०,००० रुपयांचा आहे. पण तो एकदाच मिळतो, आणि पैसा पतीचा असेल तर भाड्यावरचा कर दरवर्षी पतीलाच भरावा लागतो, हे दोन्ही समोर ठेवून निर्णय घ्यावा. नोंदणी शुल्क १ टक्का असून त्याची कमाल मर्यादा ३०,००० रुपये आहे. नंतर बक्षीसपत्राने नाव बदलू, हा मार्ग पती-पत्नींमध्ये कराच्या दृष्टीने निरुपयोगी आहे, कारण बक्षीस दिलेल्या घराचे भाडे देणाऱ्याच्याच उत्पन्नात येते.

व्यवहाराची रक्कम ५० लाख किंवा अधिक असेल, तर विक्रेत्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या वतीने आगाऊ कापलेला प्राप्तिकर) कापून सरकारकडे भरणे खरेदीदाराचे काम आहे. विक्रेता अनिवासी असेल, तर कपात याहून बरीच जास्त असते आणि नियम वेगळे आहेत. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर सामान्यतः ५ टक्के जीएसटी लागतो, पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या फ्लॅटवर लागत नाही. किंमत रेडी रेकनरच्या, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या, मूल्यापेक्षा १० टक्क्यांहून अधिक कमी दाखवली, तर फरकाची रक्कम खरेदीदाराचे उत्पन्न समजली जाते.

ज्यांच्याकडे मोठ्या नफ्यात असलेले शेअर किंवा जमीन आहे, त्यांनी इथे विशेष थांबून विचार करावा. अशी मालमत्ता विकून आलेले पैसे घरात गुंतवून भांडवली नफ्यावरील कर वाचवायचा असेल, तर विक्रीच्या दिवशी नवीन घर सोडून एकाहून अधिक घरे नावावर असता कामा नयेत. राहते घर आणि भाड्याचा फ्लॅट एकाच नावावर असले, की हा मार्ग बंद होतो. भाड्याचा फ्लॅट पुढे विकायचा झाल्यास २४ महिन्यांनंतरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे आणि आता घेतलेल्या घराला महागाई निर्देशांकाचा लाभ, म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरण्याची मुभा, नाही; म्हणून मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि सुधारणांच्या पावत्या एकत्र जपाव्यात.

कंपनी किंवा एलएलपीच्या (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीच्या) नावावर एकच फ्लॅट घेण्यात मला लाभ दिसत नाही. निवासी भाडे तिथेही घरभाड्याचेच उत्पन्न धरले जाते आणि हिशेब व विवरणपत्रांचा खर्च वाढतो.

ताबा मिळाल्यावर पालिकेच्या देयकाकडे लक्ष द्यावे, कारण स्वतः राहणाऱ्या मालकाला मालमत्ता करात मिळणारी ४० टक्के सवलत भाड्याच्या फ्लॅटला मिळत नाही. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याचा, करार नोंदवण्याची जबाबदारी महाराष्ट्रात मालकावर आहे. सोसायटीला नॉन-ऑक्युपन्सी शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही.

शेवटी मृत्युपत्राची बाब. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे म्हणून एकाच्या पश्चात तो आपोआप दुसऱ्याचा होत नाही. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या हिश्शात पत्नी, मुले आणि आई यांचा समान हक्क येतो, आणि सोसायटीत नामनिर्देशित केलेली व्यक्ती वारसांसाठी विश्वस्त म्हणून फ्लॅट सांभाळते, मालक होत नाही. म्हणून खरेदीखताची नोंदणी झाली, की इंडेक्स टूवरील (नोंदणी कार्यालयाच्या सारांश उताऱ्यावरील) नाव, हिस्सा आणि फ्लॅट क्रमांक जसाच्या तसा उतरवून दोघांनीही त्याच महिन्यात आपापले मृत्युपत्र करून घ्यावे.