पार्टिशन लहान करताना
दादरला आमच्या इमारतीत पावसाळ्यात वीज अधूनमधून जाते, म्हणून लिनक्सच्या पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या केलेल्या भागाला, हात लावण्याआधी मी लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरते आणि बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेते. त्यातल्या दोन-चार फाइल उघडून बघते. न तपासलेल्या बॅकअपवर माझा भरवसा नाही.

मग लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सवरून, सुरुवात. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम (पार्टिशनवर फाइल मांडून ठेवायची रचना) अनमाउंट केल्याशिवाय, म्हणजे वापरातून काढल्याशिवाय, लहान होत नाही. आधी 'ई२एफएससीके -एफ' ही फाइल सिस्टिम तपासणारी कमांड चालवा. लहान करताना पहिल्यांदा फाइल सिस्टिम, नंतर पार्टिशन, वाढवताना उलट. ६० जीबीचं पार्टिशन हवं असेल तर मी 'रीसाइझ२एफएस' या आकार बदलणाऱ्या कमांडने फाइल सिस्टिम ५८ जीबीवर आणते, सुरुवातीचा सेक्टर (पार्टिशन डिस्कवर जिथे सुरू होतं ती जागा) तोच ठेवून पार्टिशन ६० वर कापते आणि आकडा न देता 'रीसाइझ२एफएस' पुन्हा चालवते. मग फाइल सिस्टिम पार्टिशनमधली उरलेली जागा भरते.

एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम असेल तर लहान करायच्या फंदात पडू नका. नव्याने बनवून बॅकअप परत टाका.