मांडीतला सार्कोमा : शेक आधी की ऑपरेशन आधी?

आत्याच्या मांडीत खोल गाठ लागली तेव्हा इंदुरातल्या रामबागेतल्या आमच्या घरी जो तो म्हणे, "आधी काढून टाका, मग बघू." सार्कोमात, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या भागांतून उठणाऱ्या कॅन्सरात, नेमकं हेच करायचं नाही. मोठ्या माणसांच्या कॅन्सरांत हा जेमतेम एक टक्का. एमआरआय आणि बायोप्सी होईपर्यंत गाठीला हात लावू देऊ नका. बायोप्सीचे (गाठीच्या काढलेल्या तुकड्याचे) मेणातले ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या आणि सार्कोमा नेहमी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. आम्ही रात्रीची अवंतिका एक्सप्रेस पकडून मुंबईत परळला टाटा मेमोरियलला गेलो.

मग सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर, दोघांनाही विचारा: शेक, म्हणजे रेडिएशन, आधी की ऑपरेशन आधी? आधी दिला तर साधारण ५० ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप) पुरतात, २५ वेळांत वाटून, सोमवार ते शुक्रवार. नंतर दिला तर ६० ते ६६ लागतात. आधी दिल्यास जखम चिघळण्याचा धोका जास्त, नंतर दिल्यास पाय कायमचा आखडण्याचा आणि सुजण्याचा. आत्याला स्वतःच्या पायांनी जिना चढायचा होता, म्हणून तिने आधी घेतला. पाय कापावाच लागेल ही भीती मात्र मनातून काढा. अमेरिकेत १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाय वाचवून ऑपरेशन आणि रेडिएशन घेतलेले रुग्ण पाय कापलेल्यांइतकेच जगले.

शेक इंदुरातच घेतला. पहिल्या दिवशी सीटी करून पायाचा साचा बनवतात आणि कातडीवर खुणा करतात. त्या पुसू देऊ नका. आंघोळ कोमट पाण्याने, घासायचं नाही. रोज मशीनखाली पाय तसाच ठेवायला वेळ जातो, किरण काही मिनिटांचेच. मांडीच्या कडेची कातडीची एक लांब पट्टी किरणांबाहेर ठेवतात. पुढे सूज कमी राहावी म्हणून. आमच्या प्लॅनमध्ये ती कुठे आहे, हे बेधडक विचारा.

कातडी लाल होते, काळवंडते. हळद, तेल, गरम पिशवी काहीही नको. सैल सुती परकर बरा. नातवंडांना खुशाल मांडीवर घ्या, या शेकाने अंगात किरण राहत नाहीत.

शेक संपल्यावर साधारण चार ते सहा आठवड्यांनी ऑपरेशन होतं. तोवर फिजिओथेरपी सोडू नका. सार्कोमा बहुतेकदा फुप्फुसात पसरतो, म्हणून छातीची तपासणी पुढे किती महिन्यांनी करायची, ते डिस्चार्जच्या कागदावरच लिहून घ्या.